हुकूम कोणाचा, बोजा कोणावर?

जपान म्हटले की आपल्या घराघरांतून दोन-चार गोष्टी चटकन आठवतात. नागपूरकरांना भदन्त सुरई ससाई आठवतात, कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते. शाळेत शिकलेले हिरोशिमा-नागासाकी आठवते. ज्यांच्या घरी कधी काळी हप्त्यावर जपानी टीव्ही आला, त्यांना त्या टीव्हीवरचे नाव आठवते. यापलीकडे जपानशी आपले देणेघेणे काय, असे कोणीही विचारील. ‘जपानचे परराष्ट्र धोरण’, ‘आंतरराष्ट्रीय सुरक्षा’, ‘राष्ट्राराष्ट्रांचे लष्करी करार’ अशा विषयांवर काही माणसे जन्मभर अभ्यास करतात आणि त्यांना त्याचा पगारही मिळतो, असे आपल्या वस्तीत सांगितले तर लोक हसतील. कामावर जायचे, पाण्याची वेळ सांभाळायची, पोरांची फी भरायची, यातून सवड मिळाली तर जगाचे बघू, असा आपला हिशेब असतो.

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालो, परीक्षा दिली, कचेरीत चिकटलो आणि तेव्हापासून फायलींच्या संगतीत आहोत. संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत बसतो. मुलांचे फॉर्म भरून देणे, जातीचा दाखला आणि जात पडताळणीची कागदपत्रे जुळवून देणे, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख चुकू न देणे, हे आमचे समाजकार्य. मोठमोठी भाषणे आम्हास येत नाहीत. परंतु गेली दोन वर्षे अभ्यासिकेतील एका मुलीमुळे आम्हास जपानच्या राजकारणात डोके घालावे लागले. त्यातून जे हाती लागले ते आपल्या कुटुंबांनी वाचावे असे वाटते, म्हणून हा लेख.

या मुलीचे वडील पालिकेत सफाई कामगार. निवृत्तीस थोडा काळ उरला आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसास नोकरी मिळते, हे आपणांस ठाऊकच आहे. कायम नोकरी, दरमहा पगार. आजच्या कंत्राटी दिवसांत ही गोष्ट लहान नव्हे. घरात सर्वांनी धरून चालले होते की वारसाच्या रकान्यात मुलीचे नाव जाणार, कारण धाकटा अजून शाळेत. मुलगी मात्र राज्यशास्त्रात एम.ए. झाली, नेट परीक्षेत उत्तीर्ण होऊन तिने संशोधनाची फेलोशिप मिळवली आणि घरी येऊन म्हणाली, मला दिल्लीला जाऊन जपानच्या परराष्ट्र धोरणावर पीएच.डी. करायची आहे.

वडील आमच्याकडे आले. फार बोलणारा माणूस नव्हे. म्हणाले, “भाऊ, जपाननं काय करावं नि काय करू नये, हे आता आमच्या पोरीनं ठरवायचं का?”

प्रश्न टोचणारा होता, पण खोटा नव्हता. आम्ही मुलीस म्हटले, बाई, तू हे शिकतेस तरी काय, ते आधी मला सांग; मला पटले तर तुझ्या वडिलांना पटवीन. तिने एक इंग्रजी पुस्तक आणले. लेखिका सदाको ओगाता. आमचे इंग्रजी कचेरीपुरते. पण ती वाचून सांगू लागली आणि आम्ही ऐकत गेलो.

या ओगाताबाई १९२७ साली तोकियोत जन्मल्या आणि २०१९च्या ऑक्टोबरात वयाच्या ९२व्या वर्षी वारल्या. त्या झोपडीतून वर आल्या, असे काही नाही, हे प्रथमच सांगतो. वडील परराष्ट्र खात्यात अधिकारी, त्यामुळे बालपण अमेरिका, चीन आणि हाँगकाँग येथे गेले. आईचे आजोबा इनुकाई त्सुयोशी हे जपानचे पंतप्रधान आणि आजोबा योशिझावा केनकिची हे परराष्ट्रमंत्री. म्हणजे आपल्या पोरीबाळींशी त्यांची बरोबरी करण्यात अर्थ नाही. परंतु त्या घरात एक जखम होती. १५ मे १९३२ रोजी नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांना त्यांच्या सरकारी निवासस्थानी शिरून गोळ्या घातल्या. सदाको तेव्हा चार वर्षांची होती. पणजोबांना आपल्याच देशाच्या गणवेशातील माणसांनी का मारले आणि त्यानंतर देश युद्धाच्या खाईत कसा गेला, हा प्रश्न त्या मुलीबरोबर वाढला. पुढे तोकियोत पदवी, अमेरिकेत एम.ए. आणि १९६३ साली कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात पीएच.डी. असे शिक्षण झाले. प्रबंधाचा विषय होता मांचुरियाचे प्रकरण, १९३१-३२.

ते प्रकरण थोडक्यात असे. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा मुलूख. तेथील एक रेल्वे जपानच्या मालकीची होती आणि तिच्या रक्षणासाठी जपानचे क्वांतुंग लष्कर ठेवलेले होते. १८ सप्टेंबर १९३१च्या रात्री मुकदेन, म्हणजे आजचे शेनयांग, या शहराजवळ रुळांवर स्फोट झाला. नुकसान इतके किरकोळ की त्यानंतर गाडी त्यावरून निघून गेली. स्फोट घडवला होता याच लष्करातील अधिकाऱ्यांनी. आळ घातला चिन्यांवर आणि त्याच रात्री चिनी छावणीवर हल्ला केला. तोकियोच्या सरकारने हा हुकूम दिलेला नव्हता. सरकार म्हणत होते, प्रकरण वाढवू नका. लष्कर वाढवतच गेले. तीन दिवसांनी कोरियातील जपानी फौजही वरून परवानगी नसताना सरहद्द ओलांडून मांचुरियात शिरली.

येथे ती मुलगी अडली. म्हणाली, “काका, सरकारला हे नको होतं, तर दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळानं त्या फौजेच्या खर्चाला मान्यता का दिली? हे काही समजत नाही.”

आम्हास हसू आले. आमच्या अर्ध्या नोकरीचा अनुभव त्या एका ओळीत होता. आम्ही म्हटले, “अगं, याला आमच्या भाषेत कार्योत्तर मंजुरी म्हणतात. आधी काम करून टाकायचं, बिल पुढं करायचं, नि मग फाईल फिरवायची. वरच्याला राग आला तरी तो सही करतो. कारण नाही म्हटलं तर आपल्या हाताखालचे आपलं ऐकत नाहीत, हे सगळ्या गावाला कळतं.”

मुलगी वहीत लिहून घेऊ लागली. आणि आम्हास प्रथमच उमगले की ओगाताबाईंनी ज्याचा शोध घेतला तो आमच्याच टेबलावरचा विषय आहे. त्यांनी त्या काळातील लष्करी अधिकाऱ्याची रोजनिशी आणि सरकारी कागदपत्रे चाळून एकच गोष्ट पाहिली: निर्णय नक्की कोणी घेतला? उत्तर असे निघाले की तरुण अधिकारी, लष्कराचे वरिष्ठ आणि मंत्रिमंडळ यांच्या ओढाताणीत खालच्यांनी वरच्यांना ओढत नेले. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवीत राहिला. देशाचे धोरण बदलले, पण ‘हे मी ठरवले’ असे म्हणून त्याचा जाब देणारा कोणी नव्हता. ओगाताबाईंचे आजोबा योशिझावा तेव्हा राष्ट्रसंघात जपानची बाजू मांडीत होते. ते तेथे एक आश्वासन देत आणि मांचुरियात लष्कर दुसरेच करून मोकळे होई. मार्च १९३२ मध्ये मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य उभे राहिले. राष्ट्रसंघाने चौकशीसाठी लॉर्ड लिटन यांची समिती नेमली. हे लिटन आपल्याकडे १९२२ ते १९२७ बंगालचे गव्हर्नर होते. त्यांच्या अहवालाच्या आधारे राष्ट्रसंघाने जपानविरुद्ध ठराव केला तेव्हा, फेब्रुवारी १९३३ मध्ये, जपानचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले. पुढे चीनशी युद्ध, मग अमेरिकेशी युद्ध, शेवट हिरोशिमा आणि नागासाकी. एका कार्योत्तर मंजुरीची किंमत कोट्यवधी माणसांनी मोजली.

आता लष्करी करारांचे पाहा. युद्ध हरलेल्या जपानने नवी राज्यघटना स्वीकारली. ती ३ मे १९४७ रोजी अमलात आली आणि तिच्या नवव्या कलमाने युद्धाचा हक्क सोडून दिला. मग देशाचे रक्षण कोण करणार? ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे शांततेचा तह झाला आणि त्याच दिवशी अमेरिकेशी सुरक्षा करारही झाला. अमेरिकेने रक्षण करायचे आणि जपानने तळांसाठी जागा द्यायची. १९६० साली या कराराला नवे रूप देताना जपानभर मोर्चे निघाले, संसदेच्या आवारातील झटापटीत कानबा मिचिको ही विद्यार्थिनी ठार झाली आणि पंतप्रधान किशी यांना पद सोडावे लागले. करार मात्र राहिला. तो आजही आहे.

तळ कोठे आहेत, हे विचारले की या कराराचे खरे रूप दिसते. ओकिनावा हा जपानच्या दक्षिणेकडील बेटांचा प्रांत. देशाच्या जमिनीचा तो जेमतेम ०.६ टक्का भाग. पण जपानमधील खास अमेरिकी लष्करासाठी राखलेल्या तळांच्या क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र एकट्या ओकिनावात आहे. एके काळी ते वेगळे राज्य होते. १८७९ साली जपानने ते आपल्यात सामील करून घेतले. १९४५च्या लढाईत तेथील लाखाच्या आसपास नागरिक मेले. त्यानंतर १९७२पर्यंत बेटे अमेरिकेच्याच ताब्यात राहिली. १९९५ साली तीन अमेरिकी सैनिकांनी तेथील १२ वर्षांच्या शाळकरी मुलीवर अत्याचार केला, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. सुरक्षा साऱ्या देशाची, आणि विमानांचा कानठळ्या बसवणारा आवाज, गेलेली शेते, पोरीबाळींची भीती ओकिनावाच्या वाट्याला. हे वाचताना आम्हास आपल्या शहरांची आठवण झाली. कचरा साऱ्या शहराचा आणि कचराभूमी मात्र ठरावीक वस्त्यांच्या दारात. बोजा कोणाच्या पाठीवर टाकायचा हेही कोठेतरी ठरवले जाते, आणि ज्याच्या पाठीवर तो येतो तो बहुधा त्या बैठकीत नसतो.

ओगाताबाईंचे दुसरे मोठे पुस्तक १९८८चे. चीनशी संबंध कसे जुळवले, याची अमेरिका आणि जपान यांची त्यात तुलना आहे. त्यातही हाच धागा. १५ जुलै १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी जाहीर केले की आपण चीनला जाणार. व्हाइट हाऊसमधील मोजक्या लोकांनी गुप्तपणे ठरवलेली ही गोष्ट मित्र जपानला घोषणेच्या अगदी तोंडावर कळवली गेली. थोरल्याने शेजाऱ्याशी परस्पर समेट करावा आणि धाकट्याला तो चावडीवर ऐकू यावा, तसा हा प्रकार. जपानमध्ये मात्र विरोधी पक्ष, व्यापारी, वर्तमानपत्रे असे अनेकजण आधीपासून चीनशी बोलत होते. त्यामुळे सप्टेंबर १९७२ मध्ये पंतप्रधान तानाका बीजिंगला गेले आणि संबंध जुळवूनच परतले. अमेरिकेला त्यासाठी १ जानेवारी १९७९ उजाडावे लागले. मित्र मोठा असला म्हणजे आपले हित तोच पाहील असे नाही, आणि निर्णयात जितके जास्त लोक सामील तितका तो टिकतो, असे आम्ही त्यातून समजलो.

ओगाताबाईंचे शिक्षकी जीवनही सरळ रेषेत गेले नाही. पती बँक ऑफ जपानमध्ये, घरात दोन मुले. पीएच.डी. झाली तेव्हा वय ३५च्या पुढे. पुढे तोकियोतील विद्यापीठांत अध्यापन. १९६८ साली स्त्रियांच्या मताधिकारासाठी आयुष्य वेचलेल्या इचिकावा फुसाए यांनी त्यांचे नाव सुचवले आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला जाणाऱ्या जपानी शिष्टमंडळात त्यांचा समावेश झाला. १९८० पासून तोकियोच्या सोफिया विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या. नंतर विद्याशाखेच्या प्रमुख. आणि १९९१च्या फेब्रुवारीत, वयाच्या ६३व्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त. त्या पदावर बसलेली ती पहिली स्त्री.

खुर्चीत बसून दोन महिने होतात न होतात तोच इराकमध्ये सद्दाम हुसेनच्या फौजांनी कुर्द लोकांवर हल्ला चढवला. दहा लाखांहून अधिक माणसे इराणकडे पळाली. सुमारे चार लाख तुर्कस्तानच्या सरहद्दीवर डोंगरात, थंडीत अडकली, कारण तुर्कस्तानने दार बंद केले. नियम असा की १९५१च्या करारानुसार जो आपल्या देशाची सीमा ओलांडतो तोच निर्वासित. हे लोक सीमेच्या आत होते. म्हणजे कागदोपत्री ते निर्वासितच नव्हते! ‘नियमात बसत नाही’ हे वाक्य आमच्या कचेरीत दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते, त्यामुळे त्या बैठकीचे चित्र आमच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. बाईंच्या सहकाऱ्यांतही दोन तट पडले. बाईंनी सर्वांचे ऐकून घेतले आणि ठरवले की इराकच्या हद्दीत जाऊन या लोकांना संरक्षण व मदत द्यायची.

हे ऐकून आम्ही खूश झालो. पण मुलगी चतुर. म्हणाली, “काका, मांचुरियात त्या अधिकाऱ्यांनी नियम मोडला, नि इथं बाईंनीही नियम ताणला. मग फरक कोणता?”

आम्ही दोन रविवार यावर विचार केला. कारकुनाच्या बुद्धीला जे सुचले ते असे. त्या अधिकाऱ्यांनी आधी खोटा स्फोट घडवला, म्हणजे टिपणीच खोटी लिहिली. दुसऱ्याची जमीन घेण्यासाठी नियम मोडला आणि जबाबदारी घ्यायची वेळ आली तेव्हा सम्राटापासून मंत्र्यापर्यंत सर्वांच्या मागे लपले. बाईंनी उघड चर्चा केली, आधी निर्णय घेतला, स्वतःच्या नावाने घेतला आणि तो माणसे वाचवण्यासाठी घेतला. चुकला असता तर जाब त्यांनाच द्यावा लागला असता. पुढच्या काळात तो द्यावाही लागला. फेब्रुवारी १९९३ मध्ये बोस्नियात सर्व बाजू मदतीचे राजकारण करू लागल्या, तेव्हा त्यांनी बहुतेक मदतकार्य थांबवले; संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी तो निर्णय फिरवला. १९९४ नंतर झाईरमधील रवांडाच्या निर्वासितांच्या छावण्यांत कत्तल करणारेच दडून बसले होते. मोठ्या देशांनी छावण्यांच्या बंदोबस्तासाठी सैन्य द्यायला नकार दिला. बाईंनी झाईरचेच सैनिक पगारावर घेतले आणि काम चालू ठेवले. मारेकऱ्यांना अन्न मिळते, अशी टीका झाली. बाया-मुलांना उपाशी ठेवायचे का, हा उलट प्रश्नही खरा होता. अशा वेळी स्वच्छ उत्तर नसते. पण सही कोणाची आहे, हे तरी स्वच्छ होते. ज्या बाईने तरुणपणी ‘निर्णयाला धनी नव्हता’ हे शोधून काढले, तिने म्हातारपणी आपल्या प्रत्येक निर्णयाला धनी ठेवला. अभ्यासाचा उपयोग काय, याचे याहून चांगले उत्तर आम्हास ठाऊक नाही.

त्या अनुभवातून त्यांनी सुरक्षेचा अर्थच पुन्हा मांडला. २००१ ते २००३ या काळात त्या आणि अमर्त्य सेन मिळून ‘मानवी सुरक्षा’ या विषयावरील आयोगाचे अध्यक्ष होते. सुरक्षा म्हणजे केवळ सरहद्दीवरची तोफ नव्हे. माणसाला भूक, रोग, हिंसा, बेघर होणे यांपासून अभय मिळणे हीदेखील सुरक्षाच, असा त्याचा आशय. आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसाला सुरक्षा म्हणजे काय, हे कोणत्याही सेनापतीपेक्षा जास्त कळते.

बाबासाहेबांनी हा विषय कधीच परका मानला नाही. ज्या सप्टेंबर १९५१ मध्ये जपानचा तह झाला, त्याच महिन्यात त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरात प्रसिद्ध केलेल्या निवेदनात हिंदू कोड बिल आणि मागासवर्गीयांची उपेक्षा यांच्याबरोबर परराष्ट्र धोरण हेही एक कारण त्यांनी दिले आहे. वर्षाच्या ३५० कोटींच्या उत्पन्नातील १८० कोटी लष्करावर जातात, आणि आपल्याला मित्र नाहीत म्हणून हा खर्च आहे, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे परदेशाशी मैत्री जुळली की बिघडली, याचा हिशेब गरिबाच्या शाळेपर्यंत आणि दवाखान्यापर्यंत येतो, हे त्यांनी आकडे देऊन दाखवले.

आजचा हिशेब तर आपल्या दारात आहे. मुंबईची भुयारी मेट्रो ३ आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू हे जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या कर्जातून उभे राहिले. अजिंठा-वेरूळ परिसराच्या जतनाचे व पर्यटन विकासाचे कामही जपानच्या कर्जसाहाय्याने झाले. ओगाताबाई २००३ ते २०१२ या काळात याच ‘जायका’च्या अध्यक्षा होत्या. हे कर्ज आहे, दान नव्हे. ते आपण आणि आपली मुले फेडणार. जपान आपल्यालाच एवढे कर्ज का देतो, चीनविषयीची त्याची चिंता त्यात किती, व्याज किती, घरे कोणाची हलली, हे समजणारे कोणी आपल्यात असावे की नसावे?

हे सारे आम्ही मुलीच्या वडिलांना त्यांच्या घरी बसून सांगितले. त्यांना खोटी आशा मात्र दाखवली नाही. फेलोशिपचे पैसे २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत, पण ते कधी वेळेवर येतात, कधी महिनोनमहिने येत नाहीत. पीएच.डी.ला पाच वर्षे धरून चाला. नंतर महाविद्यालयात कायम जागा कमी, तासिका तत्त्वावर राबवून घेणारे पुष्कळ. जपानी भाषा शिकावी लागेल, तिच्यात तीन लिप्या आहेत. परदेशी शिकायचे झाले तर राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तेथेही चढाओढ आहे. अध्यापनाखेरीज परराष्ट्र सेवा, संशोधन संस्था, वर्तमानपत्रे, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था हे मार्ग आहेत. सगळे अवघड आहेत.

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी बायकोकडे पाहिले. वहिनी चहाच्या कपबशा उचलीत होत्या. त्या म्हणाल्या, “नोकरीचा कागद अजून दोन वर्षं भरायचा नाही. धाकटाही तोवर अठराचा होतोय. हिचं ॲडमिशन मात्र याच महिन्यात आहे.” एवढेच. जणू त्या घरातली फाईल त्यांनीच पुढे सरकवली. वडील म्हणाले, “जा म्हणावं. पण दर पंधरवड्याला फोन करून, काय वाचलं ते मला सांगायचं.” मुलगी दिल्लीस गेली. वडील कामावरून आले की फोनवर ओकिनावाची हकिकत ऐकतात आणि सकाळी ती आपल्या गँगमधल्या सोबत्यांना सांगतात. वारसाचा फॉर्म कोरा आहे. त्यात कोणाचे नाव जाईल, धाकट्याला तरी ते हवे असेल का, हे आज कोणी सांगू शकत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपली मुले शिक्षक झाली, नर्स झाली, बँकेत गेली, इंजिनीयर झाली, याचा आपणांस अभिमान आहेच. पण युद्ध, तह, कर्ज, तळ, निर्वासित या गोष्टी जेथे ठरतात त्या खोल्यांत आपले कोणी फारसे बसत नाही. तेथे जाण्याचा एक दरवाजा अभ्यासाचा आहे. तो जड आहे, पण कुलूपबंद नाही. आपल्या घरातील एखादी पोर जगाच्या राजकारणाविषयी प्रश्न विचारू लागली, तर ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून तिला गप्प करू नका. पोटाची चिंता जरूर बोलून दाखवा, ती खरी आहे. पण तिचा विषय हसण्यावारी नेऊ नका.

आमच्या अभ्यासिकेत आता दर रविवारी वर्तमानपत्रातील परदेशची एक बातमी मोठ्याने वाचली जाते. वाचून झाली की मुलांनी दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची: हा हुकूम कोणाचा, आणि याचा बोजा कोणावर? त्यासाठी लागते ते एक वर्तमानपत्र, एक नकाशा आणि अर्धा तास. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत हे करता येण्यासारखे आहे.